नळीतली साय

रक्त काढल्यावर नळी अर्धा तास स्टँडला उभी ठेवतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. खाली लाल गुठळी बसते, वर फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी उरतं. ते सीरम. एखाद्या नळीत मात्र हे वरचं पाणी पांढरंफेक येतं. ती नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी राहिली, तर सकाळी तिच्यावर चक्क साय धरलेली असते.

दुधाची आठवण उगाच येत नाही. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, मोजतात ते १०० मिलिलिटर रक्तद्रवात किती मिलिग्रॅम, या हिशोबाने. आकडा ३००० आला तर १०० मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅम, म्हणजे ३ टक्के चरबी. टोन्ड दुधाच्या पिशवीवर फॅट ३ टक्केच छापलेलं असतं. ४००० म्हणजे गाईचं दूध. निरोगी आकडा १५० च्या आतला. आणि ३००० वाला माणूस ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर आपल्या शेजारी उभा राहून रोजची लोकल पकडत असतो. त्याचं काहीही दुखत नसतं. हेच या दुखण्याचं विचित्रपण. वर्षानुवर्षं काही नाही, आणि मग एका रात्रीत स्वादुपिंड सुजून आयसीयू.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या कलेक्शन सेंटरमध्ये घेतलेलं रक्त बहुधा तिथे तपासलं जात नाही. ते थंड पेटीतून मोठ्या लॅबला जातं, आणि अशा लॅब नवी मुंबईत महापे-तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातही आहेत. तिथून कधी कधी निरोप येतो, ‘सॅम्पल लायपेमिक (चरबीने दुधाळ) आहे, पुन्हा पाठवा.’ घरच्यांना वाटतं, सॅम्पल बिघडलं. सॅम्पल ठणठणीत असतं. बिघाड त्याने दाखवलेला असतो. मग बारा तास उपाशी राहून दुसरं रक्त दिलं जातं, आकडा खाली आलेला दिसतो, आणि पहिली पांढरी नळी सगळे विसरून जातात. ती विसरू नये, एवढ्यासाठीच हा सगळा लेखनप्रपंच.

स्वादुपिंडाला अचानक सूज येण्याची दोन मोठी कारणं सगळ्यांच्या कानावरून गेलेली असतात: पित्ताचे खडे आणि दारू. तिसरा नंबर या चरबीचा. आकडा १००० च्या वर गेला की धोका खरा सुरू होतो, आणि २००० च्या पुढे तो आणखी वाढतो. तरी २००० वाल्या प्रत्येकाला हे होतंच असं नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात.

होतं ते असं. जेवणातलं तेल-तूप आतड्यातून रक्तात येतं ते कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांवर बसून. यकृत स्वतः बनवतं ती चरबी वेगळ्या, थोड्या लहान कणांतून निघते. दोन्ही कण फोडायचं काम रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर बसलेलं एकच एन्झाइम करतं, लायपोप्रोटीन लायपेज. आनंदनगरचा टोलनाका आठवा. लहान गाड्यांचा टोल २०२४ च्या ऑक्टोबरात माफ झाला, पण त्याआधीची रांग ठाणेकर विसरलेला नाही. गाड्या दोन रस्त्यांनी येणार, खिडक्या तेवढ्याच. आकडा पाच-सातशेच्या आसपास पोचला की हे एन्झाइम हाऊसफुल्ल होतं, आणि त्यानंतर पोटात गेलेला प्रत्येक चमचा तूप रांगेत मागे उभा राहतो. म्हणूनच ७०० चा आकडा आठवड्याभरात ३००० होऊ शकतो. मधला उतार नसतो, कडा असते.

आता स्वादुपिंड. त्याच्याकडे चरबी फोडणारं स्वतःचं जालीम एन्झाइम असतं, जे खरं तर आतड्यात जाऊन काम करायचं. स्वादुपिंडाच्या बारीक केशवाहिन्यांत हे दुधाळ रक्त साचलं की तिथेच ती चरबी फुटते आणि मोकळी फॅटी अॅसिड सुटतात. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन त्यांना पकडून निरुपद्रवी करतं, पण त्याचीही मर्यादा आहे. उरलेली फॅटी अॅसिड साबणासारखी पेशींची आवरणं विरघळवतात, केशवाहिन्यांना इजा करतात. रक्त आधीच दाट, त्यात प्रवाह अडतो, भोवती आम्लता वाढते, आणि अवयव स्वतःच्या पाचकरसात पचायला लागतो. त्या फॅटी अॅसिडना रक्तातलं कॅल्शियम चिकटतं आणि खरोखरचा साबण बनतो. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये कॅल्शियम घसरलेलं दिसतं, त्यामागे हेही एक कारण.

गटारीच्या रात्रीचं गणित यावरून मांडता येईल. आषाढ अमावस्येला मटण आणि दारू. दारू यकृताला जास्त चरबी बनवायला लावते, मटणाचा रस्सा आतड्यातून चरबी पाठवतो, आणि माणसाची साखर आधीच हाताबाहेर असेल तर इन्सुलिनअभावी ते एन्झाइमही अर्धवट झोपलेलं असतं. तिन्ही बाजूंनी एकाच रात्री हल्ला. गटारीलाच दोष का द्यावा, लग्नाची पंगत आणि दिवाळीचा फराळ काही कमी नाहीत. पण गटारीला दारू आणि चरबी एकाच ताटात येतात, आणि दुसऱ्या दिवशी पोटात दुखलं की घरचे म्हणतात, ‘झेपत नाही तर एवढी पितोस कशाला?’ निदान तिथेच थांबतं.

दुखतं कुठे? बेंबीच्या वर, छातीच्या खाली, आणि आरपार पाठीत. आडवं झालं की वाढतं, पुढे वाकून गुडघे पोटाशी घेतले की थोडं कमी. उलट्या होतात आणि उलटीने बरं वाटत नाही. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा, ओवा, अॅसिडिटीची गोळी असं करत सकाळ गाठली जाते. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ: पाठीत जाणारं, तासाभरात न थांबणारं पोटदुखणं गॅसचं नसतं. हार्ट अटॅकही असाच दुखतो, म्हणून कॅज्युअल्टीत पहिला ईसीजी काढतात तो वेळकाढूपणा नव्हे. जायचं ते जिथे आयसीयू आणि रात्रीची लॅब आहे अशा ठिकाणी, मग ते कळव्याचं वा वाशीचं महापालिकेचं रुग्णालय असो की खासगी. संध्याकाळी कापूरबावडी-माजिवड्याला अडकायची भीती असेल तर १०८ ला फोन करावा. स्कूटरवर मागे बसवून नेण्याचं हे दुखणं नाही.

निदानाचा नियम साधा आहे. ठरावीक जागचं दुखणं, रक्तातली स्वादुपिंडाची एन्झाइमं अमायलेज किंवा लायपेज नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि सोनोग्राफी किंवा सीटीत दिसणारी सूज. तिन्हींपैकी दोन जमली की झालं. पण दुधाळ रक्तात हा साधा नियमही फसवतो. लॅबची यंत्रं बहुतेक चाचण्या प्रकाशाच्या मदतीने करतात, आणि पांढऱ्या द्रवातून प्रकाश नीट जात नाही. अमायलेज खोटंच नॉर्मल येऊ शकतं. लायपेजवर परिणाम कमी, म्हणून तेच मागवावं, आणि शंका असली तर सॅम्पल पातळ करून पुन्हा चालवायला लॅबला सांगावं. हिमोग्लोबिन खोटं जास्त येतं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, गणिताने काढताच येत नाही. ते सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की निरुपयोगी.

या सगळ्यात घातक फसवणूक सोडियमची. आकडा आठ-दहा हजारांच्या घरात गेला की सीरमचा बराच भाग चरबीने व्यापलेला असतो. मोठ्या लॅबचं यंत्र सॅम्पल पातळ करून मोजतं आणि त्या चरबीलाही पाणीच धरून चालतं. उत्तर येतं १२२. खरं सोडियम १३८ असतं. कुणी घाईने तीन टक्क्यांचं खारं सलाईन चढवलं, तर ज्याचं सोडियम ठीक होतं त्याच्या मेंदूवर बेतू शकतं. उपाय हाताशीच असतो: आयसीयूतलं ब्लड गॅसचं यंत्र सॅम्पल पातळ न करता थेट मोजतं. त्यावरचा आकडा खरा धरायचा.

आणि ट्रायग्लिसराइडसाठी रक्त आल्या आल्याच घ्यावं. इथे ‘उपाशीपोटीच हवं’ हा हट्ट नको. पोटात अन्न जायचं थांबलं की कायलोमायक्रॉन काही तासांतच कमी होऊ लागतात. दोन दिवस सलाईनवर काढून मग तपासलं तर २८०० चे ७०० झालेले असतात, आणि फाईलवर ‘कारण अज्ञात’ असा शेरा पडतो. तो पेशंट सहा महिन्यांनी पुन्हा येतो. पित्ताचे खडे नाहीत ना, हे सोनोग्राफीने पाहायचंच; दोन्ही कारणं एकाच पोटात नांदू शकतात. सीटीची मात्र घाई नको. निदानाबद्दल शंका नसेल तर पहिल्या तीन दिवसांत सीटी फारसं सांगत नाही, कारण कुठला भाग मेलाय आणि कुठला वाचलाय हे तोवर ठरलेलंच नसतं.

उपचारात सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे सलाईन, आणि गंमत अशी की अलीकडे सगळ्यात जास्त बदललं तेच. पूर्वीचा मंत्र होता, जितकं जास्त तितकं चांगलं. भारतासह चार देशांत झालेल्या वॉटरफॉल नावाच्या अभ्यासाने २०२२ मध्ये तो मोडीत काढला. जोरदार सलाईन दिलेल्या गटात २० टक्क्यांहून जास्त लोकांच्या अंगात पाणी साठलं, बेताने दिलेल्या गटात सुमारे ६ टक्क्यांच्या; फायदा काहीच दिसला नाही, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आता रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन देतात ते असं: अंगातलं पाणी कमी झालेलं दिसलं तर आधी किलोमागे १० मिलिलिटर दोन तासांत, मग किलोमागे ताशी दीड मिलिलिटर. ७० किलोच्या माणसाला हे आधी ७०० आणि मग ताशी १०५. चोवीस तासांत तीन लिटरच्या आसपास. लघवी ताशी किलोमागे अर्धा मिलिलिटर होतेय का, युरिया आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) उतरतायत का, हे दर सहा-आठ तासांनी पाहून वेग कमीजास्त करायचा. लावलं आणि सोडून दिलं, असं हे सलाईन नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरत नाही. ट्रामाडोल, फेन्टानिल यांना घाबरायचं कारण नाही. दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेत नाही आणि फुप्फुसाचा तळ बसतो, तो त्रास वेगळाच. अँटिबायोटिक पहिल्या दिवशी लागत नाही. सूज आहे म्हणून ताप आहे, जंतू आहेत म्हणून नव्हे. हे घरच्यांना पटवणं अवघड जातं, आणि कधी कधी डॉक्टरांनाही.

आता खरं औषध. ते आहे उपास.

मराठी घरात या शब्दाची पंचाईत आहे. आपला उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. एका ताटलीत मूठभर दाण्याचं कूट, ३० ग्रॅम धरलं तर १४-१५ ग्रॅम चरबी. वर दोन चमचे तूप, ते १० ग्रॅम. एकादशीला हा माणूस रोजच्यापेक्षा जास्त चरबी खातो. इथे हवा तो निर्जळीच्या जवळचा, तोंडाने काही नाही असा उपास. नवा कायलोमायक्रॉन येणं थांबलं की जुने आपोआप संपत जातात, आणि बहुतेकांत २४ ते ४८ तासांत आकडा निम्म्यावर येतो. कसलंही यंत्र न लावता.

त्याच्या जोडीला इन्सुलिन. ते त्या झोपलेल्या एन्झाइमला जागं करतं आणि अंगातल्या चरबीच्या साठ्यातून नवी फॅटी अॅसिड सुटू देत नाही. ज्याची साखर वाढलेली आहे, किटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्त आम्ल होणं) आहे, त्याला ते लागणारच. इथे वाद नाही. सिरिंज पंपात ५० मिलिलिटर नॉर्मल सलाईन आणि त्यात ५० युनिट रेग्युलर इन्सुलिन, म्हणजे १ मिलिलिटर बरोबर १ युनिट. सुरुवात किलोमागे ताशी ०.१ युनिटने, ७० किलोला ताशी ७. गरज पडली तर ०.३ पर्यंत. साखर दर तासाला. ती २०० च्या आसपास आली की इन्सुलिन बंद करायचं नाही, शेजारी डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, सुरू करायचं. साखर उतरवणं हा इथे हेतूच नाही, आणि नेमकं हेच रात्रपाळीच्या बदलात हरवतं: साखर १४० दिसते, पंप बंद होतो, सकाळी ट्रायग्लिसराइड जिथल्या तिथे. पोटॅशियम दर चार तासांनी, कारण इन्सुलिन ते पेशींत ढकलतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. ट्रायग्लिसराइड दर बारा तासांनी, आणि ५०० च्या खाली आलं की थांबायचं.

आपल्याकडची एक खास चूक इथे सांगायलाच हवी. भारतात इन्सुलिनची बाटली ४० युनिटचीही मिळते आणि १०० युनिटचीही. ५० युनिट म्हणजे पहिल्या बाटलीतून सव्वा मिलिलिटर, दुसरीतून अर्धा. सिरिंजही दोन्ही प्रकारच्या, लाल झाकणाची आणि केशरी झाकणाची. बाटली एकीची, सिरिंज दुसरीची झाली की डोस अडीचपट तरी होतो नाहीतर ४० टक्क्यांवर येतो. बाटलीवरचा आकडा दोघांनी मोठ्याने वाचावा. शिवाय इन्सुलिन प्लास्टिकच्या नळीला चिकटतं, म्हणून पहिले २० मिलिलिटर नळीतून वाहून जाऊ द्यायचे. नाहीतर पहिले काही तास पेशंटऐवजी नळीच इन्सुलिन घेते.

ज्याची साखर मुळात ठीक आहे त्याला इन्सुलिन द्यावं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. नुसत्या उपास-सलाईननेही आकडा जवळपास त्याच वेगाने उतरतो, असं बऱ्याच रुग्णांच्या नोंदी सांगतात. माझा कल असा: दर तासाला साखर बघणारी नर्स असेल तर द्यावं, वॉर्डात एकीकडे वीस पेशंट असतील तर देऊ नये. रक्त गोठू न देणारं हेपरिन मात्र नकोच. ते भिंतीवरचं एन्झाइम सुटं करून रक्तात आणतं, पहिल्या काही तासांत आकडा छान उतरतो, मग साठा संपतो आणि चरबी पुन्हा चढते.

मग येतं यंत्र. प्लाझ्माफेरेसिस. नातेवाईकांना याचं नाव कुठून तरी कळलेलं असतं. ‘डॉक्टर, नुसतं सलाईनच? रक्त साफ करायचं मशीन लावा ना.’ मानेतल्या मोठ्या शिरेत डायलिसिससारखी दुहेरी नळी घालायची, रक्तातला पांढरा प्लाझ्मा काढून टाकायचा आणि तेवढाच दुसरा भरायचा. किती, ते सूत्राने निघतं: वजन गुणिले ०.०६५ गुणिले (१ वजा हिमॅटोक्रिट). ७० किलो आणि हिमॅटोक्रिट ४२ टक्के असेल तर सुमारे २.६ लिटर. हे पाच टक्के अल्ब्युमिनने भरायचं म्हटलं तर १३० ग्रॅम लागतं, म्हणजे २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या साडेसहा बाटल्या, सलाईनने पातळ करून. घराचं बजेट इथे कोसळतं, म्हणून अनेक ठिकाणी निम्मं काम ब्लड बँकेच्या प्लाझ्मावर भागवतात. एका बैठकीत आकडा निम्म्याहून खाली येतो. फिल्टरचं यंत्र असेल तर त्याची छिद्रं या चरबीने बुजतात आणि अलार्म वाजत राहतो; रक्त फिरवून वेगळं करणारं यंत्र इथे जास्त बरं चालतं. काढलेल्या प्लाझ्माची पिशवी पांढरीशुभ्र दिसते आणि नातेवाईक तिचा फोटो काढतात. उपचार डोळ्यांना दिसला, याचं समाधान मोठं असतं.

पण त्या पिशवीने जीव वाचला, असं ठामपणे म्हणता येत नाही. आकडा यंत्राने लवकर उतरतो, हे खरं. अवयव कमी निकामी होतात किंवा मृत्यू टळतात, हे अभ्यासांत स्पष्ट दिसलेलं नाही. सगळ्यांना सरसकट यंत्र नको. कॅल्शियम पडलंय, रक्तातलं लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडल्याची खूण) वाढतंय, किडनी-फुप्फुस डगमगतायत, अशा वेळी विचार करावा, तोही पहिल्या दिवसभरात. तिसऱ्या दिवशी आकडा ६०० असताना लावलेलं यंत्र फक्त बिल वाढवतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आकडा आपसूक चढतो, औषधांवर बंधनं असतात. तिथे यंत्राचं पारडं थोडं जड. खर्चाची बोलणी निघालीच तर रुग्णालयात सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल आहे का, हे डिपॉझिट भरण्याआधी विचारावं.

व्हेंटिलेटरची पाळी आली तर एक पांढरं औषध लक्षात ठेवायचं. झोपेसाठी देतात ते प्रोपोफॉल, ते असतंच १० टक्के चरबीत कालवलेलं. ज्याच्या रक्तातली चरबी काढायला एका बाजूला यंत्र लावलंय, त्याला दुसऱ्या हाताने चरबी द्यायची! मिडाझोलम किंवा डेक्समेडेटोमिडिन वापरावं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीरम पुन्हा आरपार दिसायला लागतं. आकडा ३८०. घरी फोन जातात, ‘रक्त साफ झालं.’ आणि पेशंट तर अजून पोट धरून पडलेला! इथे सगळ्यांचा धीर सुटतो. रक्त साफ होणं आणि स्वादुपिंड बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आग विझवली तरी जळालेलं घर उभं राहायला वेळ लागतो. सौम्य आजारात आठवडा पुरतो. ज्याचे अवयव ४८ तासांपेक्षा जास्त निकामी राहिले, तो गंभीर, आणि त्याचे पुढचे कित्येक आठवडे जातात. मेलेल्या भागाभोवती भिंत तयार व्हायला चारेक आठवडे लागतात; तोवर शक्यतो सुरी लावत नाहीत. पू झालाच तर आधी नळीने काढतात.

जेवण मात्र लवकर सुरू करायचं. दुखणं-उलट्या ओसरल्या, भूक लागली की द्यायचं. लायपेज नॉर्मल होण्याची वाट बघायची नाही. मऊ भात आणि फोडणीशिवाय वरण, तुपाचा थेंब नाही. इडली चालते. सायविरहित दुधाचं ताक चालतं. शहाळ्याचं पाणी हरकत नाही, आतली मलई नको. ज्याला तोंडाने जमतच नाही त्याला नाकातून नळी. शिरेतून पोषण हा अगदी शेवटचा मार्ग, त्यातली चरबीची पांढरी बाटली तर नकोच.

आणि मग डिस्चार्ज. फाईलवर लिहिलेलं असतं, ‘लो फॅट डाएट’. तीन शब्द. या तीन शब्दांचं घरात काय होतं? चार माणसांच्या घरात महिन्याला ३ लिटर तेल लागतं असं धरू. गृहिणीला हे कमीच वाटेल. ३ लिटर म्हणजे २७६० ग्रॅम, भागिले चार, भागिले तीस. माणशी रोज २३ ग्रॅम. आता पेशंटला दिवसाच्या १८०० कॅलरीपैकी १५ टक्केच चरबीतून हव्यात, म्हणजे ३० ग्रॅम. उरले ७. फुल क्रीम दुधाचा एक पेला, २०० मिलिलिटर, त्यात १२. दूध घेतल्यावर दिवस संपला. दाण्याचं कूट, खोबरं, अंडं, मामलेदारची मिसळ हे सगळं अजून हिशोबात आलेलंही नाही. म्हणून ‘तळलेलं बंद केलंय’ एवढ्याने काही होत नाही. पेशंटचं तेल वेगळ्या छोट्या बाटलीत काढावं: महिन्याला ३०० मिलिलिटर, म्हणजे रोज दोन चहाचे चमचे. बाटली विसाव्या तारखेला संपली तर कुठे चुकतंय ते बाटलीच सांगते. साखरही तितकीच, उसाचा रस, सरबतं, गोड चहा यांतून यकृत चरबीच बनवतं. दारू कायमची बंद. थोडी, कधीतरी, बिअर, वाईन असा कुठलाच अपवाद नाही.

कोकणी घरांत एक समजूत पसरलीय की खोबरेल हे ‘एमसीटी’, म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीचं, तेल आहे, ते थेट यकृतात जातं, म्हणून चालतं. खऱ्या मध्यम साखळीच्या, आठ आणि दहा कार्बनांच्या चरबीचं प्रमाण खोबरेल तेलात सुमारे १५ टक्के. निम्म्याच्या आसपास असतं ते लॉरिक अॅसिड, आणि त्यातलं बरंचसं इतर तेलांसारखं कायलोमायक्रॉनवर बसूनच येतं. दवाखान्यात मिळणारं एमसीटी तेल वेगळं, खोबरेल वेगळं. माशांच्या तेलाच्या कॅप्सूलचंही तसंच. औषध म्हणून लागतं ते ईपीए-डीएचए, म्हणजे त्यातली ओमेगा-३ चरबी, रोज ४ ग्रॅम. दुकानातल्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये हे दोन्ही मिळून ३०० मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला तेरा कॅप्सूल, आणि तेरा ग्रॅम तेल फुकट पोटात. लेबलाची मागची बाजू वाचून घ्यावी.

गोळ्यांत पहिली फेनोफायब्रेट, बहुधा १४५ किंवा १६० मिलिग्रॅम. बऱ्याच ब्रँडची जेवणासोबत घ्यायची असते. किडनी फार कमी चालत असेल तर नाही. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन हृदयासाठी हवं असतं, पण ते एकटं ३००० चे ५०० करू शकत नाही. आणि त्याच्या जोडीला जेमफायब्रोझिल नको, स्नायू विरघळण्याचा धोका असतो. २०१३ मध्ये झायडस कंपनीने भारतात आणलेलं सॅरोग्लिटाझर मधुमेहींच्या ट्रायग्लिसराइडसाठी वापरतात. मूळ कारण शोधल्याशिवाय मात्र या गोळ्या गळक्या टाकीला लावलेल्या बादलीसारख्या: एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), थायरॉइडचं टीएसएच, लघवीतलं प्रोटीन, आणि औषधांची पूर्ण यादी. स्टिरॉइड, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, स्तनाच्या कॅन्सरसाठीचं टॅमॉक्सिफेन, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, मानसिक आजारांसाठीचं ओलान्झापिन यांपैकी काहीही आकडा चढवू शकतं. पेशंट ही नावं स्वतःहून सांगत नाही, कारण मुरमांचा आणि पोटाचा संबंध त्याला कशाला वाटेल? कोपरांवर, कुल्ल्यांवर पिवळसर बारीक पुरळ आहे का, तेही बघावं. ते चरबीचे दाणे असतात.

ज्यांच्यात लायपोप्रोटीन लायपेज जन्मतःच नसतं अशी घराणी विरळा. त्यांच्यावर फेनोफायब्रेट जवळजवळ चालत नाही. दिवसाला १५-२० ग्रॅम चरबी हाच उपचार. त्यांच्यासाठी ओलेझारसेन नावाचं महिन्याचं इंजेक्शन अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं. पण अगदी साध्या केसमध्येही सख्ख्या भावंडांचं आणि मुलांचं रक्त एकदा तपासावं. एका घरात एक पांढरी नळी निघाली की दुसरीही असण्याची शक्यता बरीच असते.

फेरतपासणी दोन आठवड्यांनी, मग दर महिन्याला, आकडा ५०० च्या खाली टिकेपर्यंत. तो १५० कडे सरकवणं हे पुढचं काम. आदल्या दिवशी सणाचं जेवण झालं असेल तर ते लपवायचं नाही, सांगायचं. आणि रक्त घेणाऱ्याने ‘उपास आहे ना?’ असं विचारू नये. एकादशीला उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता?’ असं विचारावं, आणि ते नळीच्या लेबलवर लिहावं.